‘तुमच्याकडे पाठवतो’ म्हणणाऱ्यांना आधी थांबवा

प्रश्न: मी गेली सोळा वर्षं सरकारी माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या शिक्षणाधिकाऱ्यांना सहावी ते नववीसाठी एक पर्यायी शाळा काढायची आहे. वेगळी संस्था नाही, खात्याचीच शाळा, फक्त निराळ्या पद्धतीची. ती मी चालवावी असं त्यांचं म्हणणं आहे. एका चालू शाळेच्या इमारतीतला अर्धा मजला मिळेल. सुरुवातीला साठेक मुलं असतील, ती आजूबाजूच्या शाळांचे मुख्याध्यापक पाठवतील. माझ्याबरोबर तीन शिक्षक यायला तयार आहेत. तासिका नकोत, प्रकल्प हवेत, वेगवेगळ्या वयाच्या मुलांचे गट हवेत, असं आम्ही चौघं अनेक महिने बोलतो आहोत. पण अभ्यासक्रमाला किती हात लावता येईल? सगळ्यांची मुलं शेवटी त्याच सार्वजनिक परीक्षेला बसणार, तिचं काय? सहकारी आत्ताच ‘लाडोबांची शाळा’ म्हणून टोमणे मारायला लागलेत, त्यांना काय सांगायचं? दोन आठवड्यांत होकार कळवायचा आहे. आणि एक घरचा प्रश्न. माझी मुलगी सातवीत आहे. तिला या शाळेत घालावं का? नाही घातलं तर लोक बोलतील, घातलं तरी बोलतीलच.
— एक शिक्षिका

उत्तर:

अभ्यासक्रमाबद्दल, परीक्षेबद्दल, टोमण्यांबद्दल तुम्ही मोकळेपणाने विचारलंत. पण मी अडले ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीवर: मुलं मुख्याध्यापक पाठवतील. तुमची शाळा पाच वर्षांनी कशी असेल हे त्या एका ओळीत जवळपास ठरून गेलंय, म्हणून आधी तिच्याबद्दल.

एखाद्या मुख्याध्यापकाला सांगून बघा की तुमच्या शाळेतली दहा मुलं नव्या शाळेला द्या. तो कोणती देईल? जी वर्गात बसत नाहीत, जी उलट बोलतात, ज्यांची हजेरी लागत नाही, ज्यांच्यामुळे निकालाची टक्केवारी खाली येते, तीच देईल. यात दुष्टपणा नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, आणि वर मुलांचं भलं केल्याचं समाधानही मिळवलं असतं. पण ही मुलं पहिल्याच आठवड्यात ओळखतात की आपल्याला इथे बोलावलेलं नाही, तिथून काढलंय. पालकांनाही ते कळतं. सहामाहीपर्यंत शाळेला नाव पडतं, आणि एकदा नाव पडलं की तुमचे प्रकल्प कितीही सुंदर असोत, आपणहून कोणी दाराशी येत नाही.

मेरी अ‍ॅन रेविड या अमेरिकी अभ्यासक बाईंनी पर्यायी शाळांवर अनेक वर्षं काम केलं. त्यांनी 1994 मध्ये या शाळांचे ढोबळमानाने तीन प्रकार मांडले. पहिल्या प्रकारात मुलं आणि पालक शाळा स्वतः निवडतात, आणि तिथे शिकवण्याची पद्धत खरोखरच वेगळी असते. दुसऱ्यात मुलांना शिक्षा म्हणून किंवा ‘शेवटची संधी’ म्हणून पाठवलं जातं. तिसऱ्यात मुलांना काही काळ ‘दुरुस्त’ करून मूळ शाळेत परत धाडायचं असतं. दुसऱ्या प्रकारातून फारसं काही हाती लागत नाही. तिसऱ्यात मूल तिथे असेपर्यंत सुधारणा दिसते, पण ते जुन्या शाळेत परतलं की बहुतेकदा ती विरून जाते. कारण उघड आहे. बदल मुलात नव्हता झाला, मुलाच्या भोवतालात झाला होता, आणि तो भोवताल तर आपण काढून घेतला. टिकाऊ यश दिसलं ते पहिल्या प्रकारात. तुमचे अधिकारी बहुधा पहिल्या प्रकारची भाषा बोलताहेत आणि दुसऱ्या प्रकारची व्यवस्था करताहेत. त्यांच्या ते लक्षातही आलेलं नसेल. ते लक्षात आणून देणं हे तुमचं पहिलं काम.

याचा अर्थ अवघड मुलं नकोत असा घेऊ नका. ती हवीतच. फक्त त्यांनी स्वतः येऊन ‘मला इथे शिकायचंय’ म्हणायला हवं, आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर ज्यांचं जुन्या शाळेतही बरं चाललं होतं अशी मुलं बसायला हवीत.

आता उलट बाजूचा खड्डा. ‘ज्यांना हवंय त्यांनी अर्ज करा’ एवढंच जाहीर केलंत, तर अर्ज कोणाचे येतील? ज्या पालकांना सूचनाफलक वाचायची सवय आहे, ज्यांना साहेबांकडे जाऊन बोलता येतं, त्यांचे. तीन वर्षांत ती जाणत्या घरांची शाळा होईल, निकाल उत्तम लागतील, सगळे कौतुक करतील, आणि शेजारच्या शाळांतून नेमकी ती घरं निघून गेलेली असतील जी शाळेकडे जाब मागत होती. हे अपयश पहिल्यापेक्षा वाईट, कारण ते यशासारखं दिसतं.

यावर लोकांनी उपाय शोधलेले आहेत. फिलाडेल्फियात 1969 साली पार्कवे प्रोग्रॅम सुरू झाला. तीही सार्वजनिक व्यवस्थेतलीच शाळा. तिला स्वतःची नेहमीसारखी इमारतच नव्हती. संग्रहालयं, कचेऱ्या, शहरातल्या संस्था हेच वर्ग. तिथे शहराच्या सगळ्या भागांतून अर्ज घेतले आणि सोडत काढली. गुण पाहिले नाहीत की शिफारस पाहिली नाही. जर्मनीत बिलेफेल्ड इथे 1974 पासून चालू असलेली लाबोरशूले ही नव्या पद्धती करून पाहण्यासाठी काढलेली सरकारी शाळा आणखी एक पाऊल पुढे जाते: शहरात वेगवेगळ्या थरांतली माणसं ज्या प्रमाणात आहेत, साधारण त्याच प्रमाणात मुलं घेण्याचा तिचा नियम आहे. तुम्ही दोन्ही जोडा. आजूबाजूच्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक वर्गात तुम्ही चौघांपैकी कोणीतरी स्वतः जाऊन सांगा. जे पालक सभेला येत नाहीत त्यांच्या घरी जा. अर्जावर मुलाचीही सही घ्या, आणि ती घेण्याआधी त्याच्याशी पालकांशिवाय पाच मिनिटं बोला. मग शाळावार आणि गरजेनुसार थोड्या जागा राखून सोडत. मुख्याध्यापकांनी मूल सुचवावं, हरकत नाही, पाठवू नये. आणि वर्षाच्या आत कोणाला परत जावंसं वाटलं तर त्याची जुन्या शाळेतली जागा शाबूत राहील, दाखल्यावर कसलाही शेरा पडणार नाही, हेही ठरवून घ्या. परतीची वाट नसेल तर येण्याला निवड म्हणता येत नाही.

पहिल्या वर्षी मध्येच कोणाला घेऊ नका. ऑक्टोबरात फोन येईल, ‘बाई, एक मुलगा आहे, तुमच्याकडेच सुधारेल.’ त्या एका मुलाला नाही म्हणणं फार जड जाईल, मला कल्पना आहे. तरीही म्हणा, आणि पुढच्या सोडतीचा अर्ज त्याच्या हातात ठेवा.

दुसरी गोष्ट कागदाची. तुमचे साहेब उत्साही आहेत, चांगलं आहे. पण अधिकाऱ्याची बदली होते, आणि नव्याला जुन्याच्या लाडक्या योजनेत रस असेलच असं नाही. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये डेबोरा मायर यांनी 1974 मध्ये सेंट्रल पार्क ईस्ट ही छोटी सार्वजनिक शाळा काढली, तीही दुसऱ्या शाळेच्या इमारतीतल्या थोड्या वर्गखोल्यांत, म्हणजे तुमच्या अर्ध्या मजल्यासारखीच. त्यांच्यामागे तिथले जिल्हा अधीक्षक अँथनी अल्वाराडो भक्कम उभे होते. अल्वाराडोंनी या एका शाळेवर न थांबता त्याच जिल्ह्यात अशा बऱ्याच छोट्या, निवडीच्या शाळा उभ्या राहू दिल्या. त्यामुळे ‘एकट्या बाईंचे लाड’ असं म्हणायला जागा उरली नाही. तुमच्या साहेबांना विचारा, पुढच्या तीन वर्षांत अशी दुसरी शाळा निघणार आहे का? एकटं बेट पुसून टाकणं सोपं असतं.

कागदावर काय हवं? बॉस्टनमध्ये 1994 साली शिक्षक संघटना आणि शिक्षण मंडळ यांच्या करारातून ‘पायलट’ शाळा निघाल्या. त्यांना शिक्षक नेमणं, पैसा खर्च करणं, अभ्यासक्रम, कारभार आणि वेळापत्रक अशा पाच बाबतींत मोकळीक लिहून मिळाली. या पाचांपैकी मी सगळ्यात जास्त जोर शिक्षकांवर देईन. तुम्हा चौघांची तीन वर्षं बदली होणार नाही, आणि पाचवा माणूस आला तर तो तुमच्या संमतीने येईल, एवढं लिहून घ्या. वाटेल तो शिक्षक ‘समायोजना’त, म्हणजे दुसरीकडे जादा ठरला म्हणून, तुमच्याकडे आला तर वेगळी पद्धत वगैरे बाजूला राहतं, जो मनाविरुद्ध आलाय तो जुन्याच सवयीने शिकवणार, आणि त्याला दोषही देता येत नाही. पैशाच्या बाबतीत मात्र मला मोठी अपेक्षा नाही. किरकोळ खर्चाची एक रक्कम मुख्याध्यापकाच्या सहीने, आधी परवानगी न घेता वापरता यावी, इतकं जमलं तरी पुष्कळ झालं. प्रकल्पासाठी दोरी आणायची तर फाइल वर जाऊन खाली येईपर्यंत मुलांना दुसरंच काहीतरी सुचलेलं असतं.

आदेशात अटी अशा भाषेत लिहा की कोणी नवा कारकूनही वाचून त्यांचं पालन करू शकेल. ‘शाळेला शैक्षणिक स्वातंत्र्य राहील’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘सहावी ते आठवीसाठी घटक चाचण्यांचं सामाईक वेळापत्रक या शाळेला लागू राहणार नाही’ हे उपयोगी.

परीक्षेकडे येते, कारण तुमची झोप तिनेच उडवलेली दिसते. इथे होशंगाबादची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात 1972 मध्ये सोळा सरकारी शाळांत सहावी ते आठवीला प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्था त्यामागे होत्या. 1978 मध्ये तो कार्यक्रम जिल्हाभर पसरला आणि पुढे एकलव्य या संस्थेने तो सांभाळला. मुलं परीक्षेला पुस्तक उघडून बसत आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा देत. आठवीच्या सरकारी परीक्षेतच विज्ञानाची ही सोय मान्य झाली होती. सगळ्याची बिजागरी ती होती. शिकवणं बदललं आणि परीक्षा जुनी राहिली असती, तर दोन वर्षांत शिक्षकांनी प्रयोगांची पेटी कपाटात ठेवून प्रश्नोत्तरं लिहून द्यायला सुरुवात केली असती. आणखी एक गोष्ट तिथे होती, जिचं कौतुक कमी होतं: शिक्षकांच्या मासिक बैठका. काय अडलं, कुठला प्रयोग फसला, कुठल्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही, यावर बोलायला ठरलेली जागा आणि ठरलेला दिवस. असं असूनही 2002 मध्ये सरकारी आदेशाने तो कार्यक्रम बंद झाला. म्हणजे कागद अमर नसतो. पण तोवर तीस वर्षं तो सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांच्या हातून चालला होता, हे विसरू नका.

तुमच्या बाबतीत सार्वजनिक परीक्षा बदलण्याचा अधिकार शिक्षणाधिकाऱ्यांकडे नाही, असं धरून चालू. मग सहावी-सातवीत पूर्ण मोकळीक घ्या, आठवीत थोडी कमी, आणि नववीत परीक्षेची तयारी उघडपणे करा. लपवाछपवी नको. मुलांना सांगा की ही एक वेगळी कला आहे, तीही शिकायची आहे. ज्या मुलांनी तीन वर्षं स्वतः प्रश्न काढून उत्तरं शोधली आहेत, त्यांना प्रश्नपत्रिकेचा साचा कळायला फार वेळ लागत नाही. अमेरिकेत 1933 ते 1941 या काळात ‘आठ वर्षांचा अभ्यास’ नावाचा मोठा प्रयोग झाला. सुमारे तीस माध्यमिक शाळांना कॉलेजांनी प्रवेशाच्या ठरावीक अटींतून सूट दिली आणि त्यांनी अभ्यासक्रम आपापल्या मनाने रचले. त्यांच्या 1,475 विद्यार्थ्यांची नेहमीच्या शाळांतल्या तशाच 1,475 विद्यार्थ्यांशी कॉलेजात तुलना केली, तर ते मागे पडले नव्हते. थोडे सरसच ठरले. ज्या शाळांनी सर्वात धीटपणे बदल केले होते, त्यांची मुलं सर्वात पुढे होती. निष्कर्ष 1942 मध्ये छापून आले, जग युद्धात गुंतलेलं, कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही. पालकसभेत हे सांगायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका; पालकांना आकड्यांपेक्षा आपल्या मुलाची वही बघायची असते.

म्हणून वही दाखवण्याची पद्धत बसवा. मायर यांच्या माध्यमिक शाळेत, जी 1985 मध्ये सुरू झाली, शेवटच्या टप्प्यावर मूल आपलं निवडक काम एका समितीपुढे मांडायचं, त्याचं समर्थन करायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायचं. पुरावा काय, हे कोणाच्या नजरेतून पाहिलंय, कशाचा कशाशी संबंध आहे, असं नसतं तर काय, आणि याने फरक काय पडतो, हे पाच प्रश्न सगळ्या विषयांना लावायचे. वर्षातून दोनदा तुम्हीही हे करू शकता, आणि समितीत एक पालक आणि शेजारच्या शाळेतला एक शिक्षक असू द्या. त्याच वेळी खात्याला हवे तसे गुणही नोंदवत चला. कंटाळवाणं काम आहे, पण अर्ध्यातून गाव बदलून गेलेल्या मुलाच्या हातात दुसऱ्या शाळेला वाचता येईल असा कागद लागतो. आपल्या तत्त्वाची किंमत मुलाने का मोजावी?

तासिका आणि गटांबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही चौघं यावर पुष्कळ बोलला आहात. सगळं एकदम मोडू नका. वेगवेगळ्या वयाच्या मुलांचा गट साहित्यावर चालतो, उत्साहावर नाही. कोलंबियात 1970 च्या दशकात खेड्यांतल्या बहुवर्ग शाळांसाठी ‘एस्कुएला नुएवा’ ही पद्धत निघाली. मुलांनी स्वतः वाचून पुढे जाण्याच्या मार्गदर्शक पुस्तिका हा तिचा कणा. मूल आपल्या गतीने सरकतं, आजारी पडून आलं तर जिथे सोडलं तिथून पुढे. पण अशी एक चांगली पुस्तिका लिहायला किती आठवडे जातात हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. पहिल्या वर्षी दोन विषय अशा पद्धतीने करा, बाकीचे जरा सुधारून जुन्याच पद्धतीने. आठवड्यात एक दुपार मुलं लवकर घरी आणि तुम्ही चौघं एकत्र, ही वेळ वेळापत्रकातच धरा. ती रात्रीवर ढकललीत तर दुसऱ्या वर्षी तुमच्यातलं कोणीतरी आजारी पडेल किंवा बदली मागेल. साठ मुलांत प्रत्येकाकडे पंधरा मुलांचं पालकत्व येतं, आणि माझ्या मते तुमच्या शाळेचं खरं वेगळेपण हेच असेल. प्रकल्प बाकीच्या शाळाही करतात.

आता ‘लाडोबा’. टोमण्यांना उत्तर देण्याआधी हिशेब बघा. तुमच्याकडे शिक्षकामागे पंधरा मुलं. ही चार पदं आली कुठून? शेजारच्या शाळांतून काढली असतील आणि तिथे वर्गात पन्नास-पन्नास मुलं झाली असतील, तर टोमणा खरा आहे आणि तुम्ही गप्प बसणंच बरं. साहेबांकडून याचं उत्तर आकड्यांत घ्या. शक्य असेल तर शिक्षक-विद्यार्थी प्रमाण इतरांइतकंच ठेवायची तयारी दाखवा, मग प्रत्येकाकडे पंधराऐवजी अधिक मुलं आली तरी चालतील. त्याने कामाचा बोजा वाढेल, पण मग तुमच्याकडे जे जमेल ते दुसरीकडेही जमू शकतं असं म्हणण्याचा हक्क मिळेल. ज्या इमारतीत अर्धा मजला मिळतोय, तिथल्या मुख्याध्यापकांशी मैदान, स्वच्छतागृहं, घंटा आणि शिक्षकखोली याबद्दल शाळा उघडण्याआधीच बोला. तुमच्याकडे घंटा नसणार आणि खाली दर पस्तीस मिनिटांनी वाजणार. भांडणं तत्त्वांवरून होत नाहीत, मधल्या सुट्टीतल्या आवाजावरून होतात. तुमची पुस्तकं, प्रयोगाचं सामान त्यांच्या मुलांनाही वापरू द्या. शिक्षकखोली वेगळी मागू नका, त्यांच्यातच बसा.

यशाचं मोजमापही आत्ताच ठरवा, नाहीतर तीन वर्षांनी ते दुसरं कोणीतरी ठरवेल. हजेरी, शेवटपर्यंत टिकलेली मुलं, परत गेलेली मुलं आणि का गेली, बाहेर पडल्यावर त्यांचं काय झालं. सोडून गेलेल्यांची नावं यादीतून काढू नका. अशा शाळा फसवतात त्या बहुधा इथेच: राहिलेल्यांचे निकाल दाखवतात आणि गेलेल्यांना विसरतात.

दोन आठवड्यांत होकार देऊ नका. त्याऐवजी एक पानभर पत्र द्या: पुढील अटींवर मी तयार आहे. प्रवेश निवडीने आणि सोडतीने. चौघांची तीन वर्षं बदली नाही. सहावी ते आठवीच्या मूल्यमापनात लेखी सूट. आणि मुलं येण्याआधी तयारीसाठी निदान सहा महिने. शेवटच्या अटीवर घासाघीस होईल, चार महिन्यांवर तडजोड करायला हरकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात शब्द इकडेतिकडे होतील. पहिलीवर मात्र अडून बसा. ‘आधी सुरू करू, प्रवेशाचं पुढच्या वर्षी बघू’ असं उत्तर आलं तर नम्रपणे नकार द्या आणि आहात त्या शाळेत एका वर्गापुरतं जे करता येईल ते करा. ते काही कमी नाही.

राहिली तुमची मुलगी. नियम तिलाही तोच. सोडतीत इतरांसारखं तिचं नाव घाला, तेही तिला यायचं असेल तर. लागलं तर ती तुमच्या पंधरा मुलांत नको, दुसऱ्या शिक्षकाकडे जाऊ दे, आणि तिच्याबद्दलच्या चर्चेत तुम्ही खोलीबाहेर थांबा. नाही लागलं तर लोकांना सांगायला तुमच्याकडे सोडतीचा कागद आहे. आणि ती यायलाच नको म्हणाली, मैत्रिणींना सोडवत नाही म्हणून किंवा आईच शाळेत नको म्हणून, तर विषय तिथेच संपला. कोणी विचारलंच, तर तिला विचारलं होतं असं सांगा.